पक्षात घेतलेली सायकल

भुताखेतांच्या गोष्टी सांगायला येणाऱ्यांना मी आजवर चहा दिला, विश्वास कधी दिला नाही. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडच वाटतंय. पण या सदरात सगळेच मोकळेपणाने लिहितात, तर म्हटलं आपणही सांगून टाकावं...

नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघी राहतो, मी आणि माझी मुलगी मुक्ता. ती आयटीत आहे. आमचे हे जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. ह्यांना एक खोड होती – वस्तू घेण्याआधी टिचकी मारून बघायची. कसब्यात माठ घ्यायला गेलो की कुंभाराचे सगळे माठ वाजवून व्हायचे. टण्ण वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर आत तडा. पुढे कलिंगड, कुकर, माझ्या माहेरून आलेलं कपाट... काही सोडलं नाही.

तर मुक्तानं सायकल घेतली. डोंगरावरून सुसाट खाली उतरायची असते, तसली. वाघोलीच्या दुकानात सेल होता, निम्म्या किमतीत मिळाली. मी म्हटलं, "सेल का लागलाय ठाऊक आहे का? पितृपक्ष आहे. पक्षात कोणी नवं घेत नाही, म्हणून."

"मग बाबांनीच ऑफर पाठवली समज," ती म्हणाली.

मी बजावलं, घटस्थापनेला पूजा होईपर्यंत चालवायची नाही. कुरकुरली, पण ऐकलं. त्यानंतरच्या रविवारी मित्रमंडळींबरोबर डोंगर उतरायचं ठरलं होतं. तोवर सायकल गॅलरीत.

एका दुपारी मुक्ता ऑफिसात, मी वाती वळत बसलेली. गॅलरीतून आवाज आला. टण्ण... टण्ण... आणि मग बद्द.

उठून बघितलं तर कोणी नाही. म्हटलं, वयाचे कान. पण दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच, त्याच लयीत. ती लय मी ओळखणार नाही होय? मनात आलं, पक्षात घेतली म्हणून रागावले वाटतं. संध्याकाळी मुक्ताला सांगितलं. ती हसली नाही, एवढं मात्र खरं. म्हणाली, ऊन लागलं की धातू वाजतो, आई. पटलंही मला. फक्त आमच्या गॅलरीत ऊन येत नाही.

सर्वपित्रीला मुक्ता घरीच होती. पान वाढून झालं, आणि पुन्हा आवाज सुरू. मी स्वयंपाकघरातूनच म्हटलं, "अहो, काय आहे ते नीट सांगा. तिला जायचंय त्यावर."

आवाज थांबला. मी गॅलरीत गेले आणि ह्यांच्यासारखीच सायकलच्या नळ्यांना एकेक टिचकी मारत गेले. सगळ्या टण्ण. हँडलच्या खालची जाड नळी, जिथे सेलचा लाल स्टिकर होता – तिथे बद्द.

मुक्ता दारात उभी होती. तिनं नखानं स्टिकर सोलला. खाली जोडाजवळ केसासारखी चीर, नळीला निम्मा वेढा घालून. ती खालीच बसली. म्हणाली, "उतारावर ही तुटली असती तर, आई..." पुढचं मी तिला बोलू दिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी दोघी सायकल घेऊन वाघोलीला. दुकानदार म्हणाला, "काकू, सेलच्या मालाला वॉरंटी नसते."

मी विचारलं, "स्वस्त दिलीत, की मोडकी आहे म्हणून स्वस्त दिलीत? मोडकी असेल तर बिलावर लिहायचं होतंत."

मुक्तानं वॉरंटीचं कार्ड पुढे ठेवलं. पहिल्या गिऱ्हाइकाला फ्रेमची हमी कंपनीची होती, बिल दाखवलं की पुरे. सवलतीत घेतली तर नाही, असं कुठेच नव्हतं. एकच अट होती, उड्या मारून मोडली तर हमी नाही. त्यानं तीच धरली. म्हणाला, चालवताना आपटली असणार.

नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते मी त्याला दाखवले. "अहो, अजून जावळसुद्धा उतरलेलं नाही हिचं."

त्यानं टायरवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, बसा काकू, आणि कंपनीला फोटो पाठवले. नवी फ्रेम यायला दिवाळी उलटली, पण आली. विनामूल्य.

मुक्ता आता दर रविवारी उतरते. मी देवापाशी बसते आणि घड्याळाकडे बघत नाही, असं तिला सांगते.

पुढच्या पितृपक्षात मी मुद्दाम सायकल गॅलरीत ठेवायला लावली. दुपारभर वाती वळत बसले, रोज. एक टिचकी नाही. शेवटी मीच उठून ती नळी वाजवली... टण्ण. अगदी स्वच्छ. कान देऊन उभी राहिले जरा वेळ.

कशाचा आवाज होता तो, मला आजही सांगता येत नाही. आणि धड माल बघून झाला की हे पुन्हा त्याला हात लावत नसत.