पुराव्याचं पोतं

नळदुर्गला हमरस्त्यालगत माझा गोळीपेंडीचा कारखाना आहे. हमाली करत करत तो मी उभा केला. म्हणूनच ढाब्यावर चार लोकांसमोर एक कोकणातला गृहस्थ जे म्हणाला, "गुरांची पेंड करणाऱ्याला समुद्रातलं काय कळणार?" ते मी अजून विसरलेलो नाही. तो समुद्री गोगलगायी पाळतो. त्यांच्या पिल्लांसाठी त्याला शेवाळाच्या गोळ्या हव्या होत्या. मी ईर्ष्येनं काम मागून घेतलं. हैदराबादला जाताना त्यानं वाळलेल्या समुद्री शेवाळाची पाच पोती, खाऱ्या पाण्याचे कॅन आणि नखाएवढ्या पिल्लांचा टब माझ्याकडे उतरवला.

"पाच दिवसांनी परत येतो. पिल्लांनी खाल्लं तर वर्षभराचं काम तुमचं. नाहीतर राम राम."

पोतं सोडलं तर शेवाळावर पांढरं मीठ! माझं डोकंच फिरलं. मातीनं वजन वाढवलेला भुसा पकडण्यात माझं आयुष्य गेलं, आणि हा गृहस्थ मिठानं वजन वाढवलेलं शेवाळ मला किलोच्या भावानं विकत होता. चार पोती बोअरच्या पाण्यानं दोनदा धुतली, कडक उन्हात वाळवली, दळली आणि सोयापेंड, गव्हाचं पीठ घालून गोळ्या पाडल्या. पाचवं पोतं तसंच ठेवलं, पुरावा म्हणून त्याच्यासमोर उपडं करायला.

ही पिल्लं अंधारात खातात, म्हणून टबावर गोणपाट टाकलं. सकाळी बघतो तर गोळ्या जशाच्या तशा, पिल्लं काठाला चिकटलेली. दुसऱ्या सकाळीही तेच.

बायकोनं गोळी जिभेला लावली. "अवो, हिला चवच न्हाय. मिठासंगं सगळी धुऊन गेली. आन माझं दोन टाक्या पाणी वाया!"

"मीठ न्हाय, लबाडी होती ती."

"मग ती लबाडीच चारून बघा एकडाव."

शिव्या देतच मी पुराव्याचं पोतं फोडलं आणि न धुताच नव्या गोळ्या पाडल्या.

पाचव्या सकाळी गोणपाट उचललं आणि ओरडलोच. गोळ्यांवर पिल्लंच पिल्लं! कडा खरवडून बारीक झालेल्या, बोटानं ढकललं तरी एक हटेना. हमालांना, ढाबेवाल्याला, रस्त्यावरच्या ट्रक ड्रायव्हरलासुद्धा मी ओढून आणून दाखवलं.

दुपारी तो आला. टबावर वाकून बराच वेळ बघत राहिला.

"शेवाळ गोड्या पाण्यानं धुतलं नाहीत ना? नवखे सगळे तीच चूक करतात."

"आमाला काय येडं समजलात का?" मी आवाज चढवला. मागं बायकोला ठसका लागला.

वर्षभराचं काम घेण्याआधी मी एकच अट घातली: आधी ढाब्यावर चला, ते वाक्य चार लोकांसमोर मागं घ्या. त्यानं घेतलं. धुतलेल्या गोळ्या तोवर आमच्या शेळ्यांनी संपवल्या होत्या.