सुईवरच्या दाढा

२१ जून १९४८ रोजी लांब वेळ वाजणारी, बारीक खोबणींची तबकडी, म्हणजे एलपी रेकॉर्ड, पत्रकारांसमोर प्रथम मांडण्यात आली. मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे हा तिचा वेग. ज्याला शंका असेल त्याने तो आजही पडताळून पाहावा. त्या बारीक खोबणींबरोबर एक अटही आली होती: सुईचा भार हलका हवा. जिची ही हकिगत आहे त्या बाईला ही अट तोंडपाठ होती. आणि तरीही ती वर्षानुवर्षे तिच्याच खोलीत, तिच्याच डोळ्यांदेखत मोडली जात होती.

घरात तिला सगळे आत्या म्हणत. भाच्यांनी पाडलेले हे नाव पुढे थोरल्या भावाने आणि वहिनीनेही उचलले, आणि तिचे खरे नाव केवळ सरकारी कागदांपुरते उरले. उमेदीचा सगळा काळ तिने एका दंतप्रयोगशाळेत कवळ्या घडवण्यात घालवला. गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, साचा ओतायचा, मग फिरत्या चाकावर घासून घासून झिलई आणायची. चाकाच्या घरघरीने कान किटत म्हणून तिने कामाच्या टेबलावर एक जुना रेकॉर्ड प्लेयर आणून ठेवला होता. पुढे संगणकाला जोडलेली यंत्रे दात कोरू लागली, प्रयोगशाळेला टाळे लागले, आणि मालकांनी निरोपादाखल तिला तिचा भिंगाचा दिवा देऊ केला. रेकॉर्ड प्लेयर तिचाच होता. दोन्ही वस्तू घेऊन ती भावाच्या घरात, जिन्याला लागून असलेल्या वरच्या खोलीत राहायला आली.

जुन्या रेकॉर्डची ऑनलाइन खरेदी-विक्री तिने सुरू केली ती जागा होत नाही म्हणून. स्वतःच्या चार रेकॉर्ड विकाव्यात इतकाच बेत होता. पण चार विकल्या आणि चाळीस घेतल्या, अशी ती गत झाली. लोक घर बदलताना खोकीच्या खोकी संकेतस्थळावर विकायला काढत. आत्या फोटो मोठे करकरून पाही, कव्हरच्या कडा किती झिजल्या आहेत यावरून घरात रेकॉर्ड किती वाजली असेल याचा अंदाज बांधी, आणि घासाघीस करून खोके घेई. मग प्रत्येक रेकॉर्ड धुवायची, मऊ कापडावर उभी वाळवायची, आणि ऐकायची. दोन्ही बाजू, पहिल्या सुरापासून शेवटच्या खरखरीपर्यंत.

या शेवटच्या पायरीवर तिचा सगळा अभिमान उभा होता. बाकीचे विक्रेते रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरत, ओरखडे मोजत आणि 'उत्तम' किंवा 'बरी' असा शेरा मारून मोकळे होत. आत्याच्या दुकानाचे नावच मुळी 'ऐकून दिलेले' असे होते, आणि प्रत्येक रेकॉर्डखाली तेच एक वाक्य असे: 'दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्या आहेत, सुई कुठेही उडी मारत नाही.'

"अगं, नुसतं बघून सांगितलंस तर काय बिघडेल?" दादा विचारी. बस आगारात नियंत्रक म्हणून काम केलेला हा माणूस निवृत्तीनंतरही जगाकडे वेळापत्रकाच्याच नजरेने पाही. "एका रेकॉर्डला पाऊण तास! या वेगाने मी गाड्या सोडल्या असत्या तर माणसं थांब्यावरच म्हातारी झाली असती."

"कवळी कशी दिसते ते आरशात कळतं, दादा. कशी बसते ते जेवताना कळतं. तुझी तू आरशात बघूनच घेतली होतीस ना? म्हणून बशीत पडलेली असते."

वहिनीला हसू आवरले नाही. दादाने वर्तमानपत्र वर केले.

खरेदीदारांच्या अभिप्रायांचे पान सर्वांना खुले असते. त्यावर अनोळखी माणसांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट लिहिली होती: ही बाई सांगते तशीच रेकॉर्ड येते. प्रयोगशाळेत तिच्या कामावर डॉक्टरांचे नाव लागे. इथे तिचा शब्द तिच्या नावावर चालत होता. म्हणून पहिली तक्रार आली तेव्हा तिला राग आला, दुसरी आली तेव्हा तिने ती दोनदा वाचली, आणि तिसरी आली त्या दिवशी दुकानच बंद झाले.

संकेतस्थळाचा नियम सरळ होता. एकाच स्वरूपाच्या तीन तक्रारी थोड्या काळात आल्या की दुकान थांबवायचे. विक्रेत्याने महिनाअखेरपर्यंत पुराव्यासह म्हणणे मांडायचे. ते पटले नाही तर दुकान कायमचे बंद. तिन्ही तक्रारींचा मथळा एकच होता: 'सुई उडी मारते.'

"लबाड आहेत लेकाचे," दादाने निकाल दिला. "ऐकून झाली की परत करायची. फुकटची करमणूक."

आत्याला हे पटायला हवे होते, पण पटले नाही. तीन निरनिराळ्या गावची तीन माणसे एकमेकांना न विचारता एकच खोटे बोलतील, हे तिला जड जात होते. मात्र आपण चुकलो हे तर त्याहूनही अशक्य! तिने तिघांनाही रेकॉर्ड परत पाठवण्याची विनंती केली. दोघांनी उत्तर दिले नाही. तिसऱ्याने दिले.

हा तिसरा गृहस्थ संकेतस्थळावर 'भोंगा' या टोपणनावाने वावरत असे. एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात तो मुकादम होता, आणि तिथल्या यंत्रांवरून हाका मारून मारून त्याचा आवाज असा काही चढला होता की टोपणनाव शोधायला त्याला दूर जावे लागले नसावे. गोदी कामगारांच्या बँडची एक रेकॉर्ड त्याने आत्याकडून घेतली होती. ती त्याने परत पाठवली. सोबत चिठ्ठी होती: 'पहिली बाजू. क्लॅरिनेट सुरू झालं की लगेच. कान असतील तर ऐकू येईल.'

आत्याने कान टवकारून ऐकले. क्लॅरिनेट सुरू झाले, तुतारीला भेटले, ढोलाच्या खांद्यावर बसून शेवटपर्यंत गेले. उडी नाही. तिने पुन्हा लावली. नाही. तिने वहिनीला वर बोलावले.

"तुला काही ऐकू येतंय?"

"बँड ऐकू येतोय," वहिनी म्हणाली. "छान आहे. का?"

मग आत्याने मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवला आणि फिरत्या रेकॉर्डचा व्हिडिओ काढला. हाच पुरावा. तो संकेतस्थळाकडे पाठवण्याआधी, निव्वळ हिशेब चुकता करावा म्हणून, तिने तो भोंग्याला पाठवला. खाली लिहिले: 'कान आहेत. ऐकले.'

थोड्याच वेळात फोन वाजला. पलीकडून आधी शब्द आलेच नाहीत. आले ते नुसते हसणे.

"बाई," अखेर आवाज फुटला, "एक विचारू? राग मानू नका."

"विचारा."

"तुमच्या सुईच्या डोक्यावर दात आहेत का हो?"

"दात नाहीत, दाढा आहेत," आत्या ताठपणे म्हणाली. "दोन. चिनीमातीच्या."

आणि वाक्य संपता संपता तिची दातखिळी बसली.

प्रयोगशाळेत झिलईचे चाक फिरू लागले की अख्खे टेबल थरथरे आणि सुई रेकॉर्डवर नाचे. त्यावर तिने त्या काळी सोपा उपाय केला होता: उरल्यासुरल्या दोन दाढा गुलाबी मेणाने सुईच्या डोक्यावर चिकटवल्या. भार वाढला, सुई दबून बसली, गाणे सुरळीत झाले. चाक गेले, टेबल गेले, प्रयोगशाळाही गेली. दाढा तेवढ्या राहिल्या. रोज समोर असलेली वस्तू जशी दिसेनाशी होते तशा त्या दिसेनाशा झाल्या होत्या. त्यांच्या भाराखाली सुई खोबणीतल्या प्रत्येक खड्ड्यातून मुकाट नांगरत जाई. आत्याने प्रत्येक रेकॉर्ड मन लावून ऐकली होती. तिच्या यंत्रावर उडी ऐकू येणेच शक्य नव्हते.

"आहात ना?" भोंग्याने विचारले.

"आहे. थांबा जरा. फोन ठेवू नका."

तिने नखाने मेण उकरले. दाढा हातात आल्या. सुईचा भार नव्याने बसवून तिने पुन्हा तीच बाजू लावली. क्लॅरिनेट सुरू झाले आणि लगेच, टक्, सुईने उडी मारली. पुन्हा टक्. फोनमधून भोंग्याने समाधानाचा एक लांब सुस्कारा सोडला.

"हीच! हीच ती! अहो, मला वाटायला लागलं होतं मीच बहिरा झालो."

"तुम्ही नाही," आत्या म्हणाली. "मी."

त्या दिवशी ती जेवायला खाली आली नाही. दादा स्वतः वर गेला, दारात उभा राहिला, आणि वाद घालायचे सोडून म्हणाला, "सोडून दे ना आत्या. काय कमी आहे आपल्याला? बंद तर बंद."

"बंदच करायचं तर मी करीन. पण चुकीचं लिहून ठेवलेलं तसंच टाकून नाही जाणार."

यापुढचे काम तिच्या हाताला जन्माचे ठाऊक होते, फक्त वस्तू बदलली होती. गोदीवाल्यांची रेकॉर्ड तिने भिंगाच्या दिव्याखाली घेतली. उडीची जागा सापडली: कधीकाळच्या ओरखड्याने खोबणीची भिंत आतल्या बाजूला किंचित ढकलली होती आणि वाट अडली होती. धातूचे हत्यार चालणार नव्हते. तिने लाकडाची बारीक काडी तासली, टोक जवळजवळ केसाएवढे केले, आणि खोबणीच्या दिशेने, अलगद, मेणातला दात सरकवावा तशी ती फिरवली. पाहिले. पुन्हा फिरवली. वहिनी शेजारी वाकून पाहत होती.

"दुखतंय का विचार तिला," ती कुजबुजली.

"हसवू नकोस. हात हलतो."

सुई ठेवली. क्लॅरिनेट आले, ती जागा आली, एक पुसट खरखर झाली आणि सूर पुढे निघून गेला. वहिनीने टाळी वाजवली, खालून दादाने "काय पडलं?" म्हणून ओरडून विचारले.

पण आपल्या यंत्रावर विश्वास ठेवण्याचे दिवस सरले होते. तिने रेकॉर्ड भोंग्याला धाडली आणि तो म्हणेपर्यंत काहीही मानायचे नाही असे ठरवले. ती पोचली त्या संध्याकाळी त्याने फोन लावला आणि एक शब्द न बोलता तो यंत्रापाशी धरला. दूरच्या एका खोलीतला बँड आत्याच्या खोलीत वाजू लागला. क्लॅरिनेट सुरू झाले. तिने डोळे मिटले. सूर न अडखळता गेला, तुतारी आली, ढोल आला, बाजू संपली.

"ताई," भोंगा म्हणाला. 'बाई'ची 'ताई' कधी झाली हे त्यालाही कळले नसावे. "दात काढायचं काम तुम्ही फार उशिरा केलंत. पण झकास केलंत."

मग तिने दुकानातली शिल्लक रेकॉर्डन् रेकॉर्ड हलक्या सुईने पुन्हा ऐकली. काही सुधारल्या; काहींचा शेरा तिने उतरवला; काही विक्रीतूनच काढल्या. संकेतस्थळाला तिने तो व्हिडिओ पाठवला, पण आपल्या बचावासाठी नव्हे; दाढांवर बाण काढून. सोबत कळवले की तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत, चूक आपल्या यंत्राची आणि म्हणून आपली आहे, आणि याआधी रेकॉर्ड घेतलेल्या कुणाकडेही सुई उडी मारत असेल तर ती दुरुस्त करून देऊ किंवा परत घेऊ. हाच मजकूर तिने जुन्या खरेदीदारांनाही धाडला.

दादाने घरात खोक्यांचा डोंगर येणार म्हणून जिना मोकळा करून ठेवला. आला तो उत्तरांचा डोंगर. रेकॉर्ड थोड्याच परत आल्या, आणि दुरुस्त होऊन गेल्या. बाकीच्यांनी दाढांचा आणखी जवळून काढलेला फोटो मागितला. एकीने लिहिले की विकताना चूक झाकणारे पुष्कळ पाहिले, विकून झाल्यावर चूक शोधत येणारी ही पहिलीच. उत्तर न देणाऱ्या दोघा तक्रारदारांपैकी एकाने आपली तक्रार मागे घेतली. आत्या प्रत्येक उत्तर मोठ्याने वाचू लागली तेव्हा दादा म्हणाला, "पुरे, पुरे, आता तुला वेगळी खोली लागेल, डोकं मावायला." आणि मग स्वतःच मोबाइल ओढून घेऊन पुढचे वाचू लागला.

महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी दुपारी दुकान उघडले. कळवणारे वाक्य एकच होते: 'आपले दुकान पुन्हा सुरू करण्यात आले आहे.' वहिनीने आत्याला मिठी मारली. दादा बस आगारातल्या जुन्या ठसक्यात ओरडला, "सुटली! गाडी सुटली!" आणि आत्याने, डोळे पुसायच्याही आधी, प्रत्येक रेकॉर्डखालचे वाक्य बदलले: 'दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्या आहेत, हलक्या सुईने.' त्या दिवशी पहिली मागणी धुलाईखान्याच्या मुकादमाची होती.

दुकान आजही चालू आहे आणि अभिप्रायांचे पान खुले आहे. मात्र दुकान उघडण्याचा निर्णय कोणी घेतला, हे कळलेले नाही. तिचे म्हणणे एखाद्या माणसाने वाचले, की एक तक्रार मागे घेतली जाताच यंत्रणेने आकडा मोजून कुलूप काढले, असे तिने दोनदा विचारले. दोन्ही वेळा तेच एक वाक्य परत आले. दाढांच्या भाराने किती रेकॉर्डच्या खोबणी झिजल्या, हेही मोजता आलेले नाही. उत्तर न देणाऱ्या दोघांपैकी उरलेल्या तक्रारदाराने अद्याप काहीही कळवलेले नाही.