रिकामे केलेले शंख

आमच्या संग्रहालयातले काचेआडचे शंख बघून एक बाई परवा म्हणाल्या, "किती शांत वाटतं इथे." हे शंख मीच रिकामे केलेत. तळ्यातल्या जिवंत गोगलगाई आम्ही उकळत्या पाण्यात टाकायचो. शंख भांड्यावर आपटत राहायचे, मग आवाज थांबायचा. वाकड्या टाचणीने आतलं मांस ओढून काढायचं. एकदा त्याबरोबर मोहरीएवढी पिल्लं बाहेर आली, प्रत्येकाच्या पाठीवर पुरा शंख. मी आमच्या विभागप्रमुख सरांकडे बघितलं.

"छान नमुना आहे, बाटलीत भर," ते म्हणाले.

मी पिल्लं भरली. चिठ्ठीवर संग्राहक म्हणून माझं नाव लिहिलं. तेव्हा अक्षर जरासुद्धा बिघडलं नाही. आता त्याचीच भीती वाटते.