भुयारातला उखाणा

हिंगणघाटजवळच्या आमच्या गावात भजन आटोपलं की माझा एक अनुभव अजूनही सांगितला जातो. पुण्यात, जमिनीखालच्या मेट्रो स्टेशनात माझी बायको हरवली आणि पांढऱ्या दाढीचे एक महाराज आमची भेट घडवून दिसेनासे झाले, असा. ती दाढी मी लावली नाही. पण लोकांनी लावली तेव्हा गप्प राहिलो. आता वय झालं. घडलं तसं लिहून ठेवतो.

आम्ही भाजीपाला पिकवणारी माणसं. मुलगी पुण्यात असते, म्हणून बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन तिथं केलं. तपासणीच्या दिवशी मुलीला सुट्टी मिळाली नाही. "मी नेतो, मले काय समजत नाई का?" असं मी ऐटीत म्हणालो, आणि फोन तिच्या घरीच विसरून निघालो. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला बायको घाबरली, तेव्हा चार लोकांत तिच्यावर खेकसलो आणि पुढं झालो. गाडी आली, मी चढलो. दार लागलं तेव्हा ती फलाटावरच होती, एका डोळ्यावर पट्टी. गर्दीनं ताटातूट झाली, असं मी गावात सांगितलं. गर्दी नव्हती. मी मागं पाहिलं नव्हतं.

पुढच्या स्टेशनावर उतरून उलट्या गाडीत बसलो आणि घाबरून भलतीकडेच उतरलो. खाली सगळी स्टेशनं सारखी. ऊन नाही, की दिशा कळावी. आपण चढलो त्या स्टेशनाचं नावही वाचलं नव्हतं. बाकावर बसलो. इतकी वर्षं टाळ वाजवला, पण देव ऐकतो की नाही याची मला मनातून शंकाच होती. त्या दिवशी एकही अभंग आठवेना. "माह्यानं होत नाई आता, तूच पाह्य तिले," एवढंच तोंडातून निघालं.

थोड्या वेळानं भोंग्यातून माझं नाव आलं, गावासकट. एका रक्षकानं मला बरोबर गाडीत बसवलं. पोचलो तर बायको फलाटावर चक्क हसत होती. शेजारी तिच्याच वयाची एक अनोळखी बाई, हिच्या पाठीवर हात ठेवून. मला पाहताच ती बाई म्हणाली, "काऊन जी, पिशवी इसरत नाई मानूस, अन् तुम्ही बायको इसरून गेलते?"

मग कळलं. तिथला रक्षक नवऱ्याचं नाव विचारत होता आणि ही सांगेना. आमच्याकडे तिच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. रक्षक वैतागला, ही रडायला लागली. ती बाई आमच्याच जिल्ह्यातल्या आष्टीकडची, लेकीकडे आलेली. हिचं बोलणं कानावर पडलं म्हणून आपली गाडी सोडून थांबली. म्हणाली, "नाव नोका घेऊ, बाई. उखाना तं घ्यान?" आणि हिनं रडत रडत घेतला:

"जमिनीखालच्या गाडीले काचेचं दार,
...रावांच्या मागं चालून मी झाली बेजार."

रावांच्या आधी माझं नाव होतं. रक्षकानं तेवढंच उचललं.

मी हात जोडले, पण तिचं नाव विचारायचं सुचलं नाही. "आता तिचा हात धरून नेजा, भाऊ," असं म्हणून ती आलेल्या गाडीत चढली. अंतर्धान कोणी पावलं नाही. काचेतून ती हसताना दिसत होती.

महाराज आले म्हटलं की माझी भक्ती मोठी ठरायची. ही बाई आली म्हटलं की माझं वागणं उघडं पडायचं. म्हणून मी तिला गोष्टीतून पुसू दिलं. देव तिथं नव्हता, असं मी म्हणत नाही. मी हाक मारली, त्याआधीच कोणीतरी हिच्यापाशी येऊन बसलं होतं. आपल्या हातून सुटलेलं माणूस दुसऱ्या कोणाच्या हाती सुखरूप असू शकतं, हे त्या दिवशी पाहिलं, आणि तेव्हापासून सगळं त्याच्यावर सोपवणं मला जड जात नाही.

आष्टीकडच्या त्या बाईंना, त्या जिथं असतील तिथं, माझा दंडवत.