अर्ध्यावर तुटलेलं गाऱ्हाणं

बाबांचं गाऱ्हाणं मी चारचौघांत अर्ध्यावर तोडलं. पुढे माझ्या अपयशाचा सगळा दोष त्यांनी स्वतःवर घेतला आणि मला ते सोयीचं होतं, म्हणून मी तो घेऊ दिला. पहिल्या चुकीला निदान तरुणपणाची सबब होती. दुसरीला तीही नाही.

त्या वेळी मी मालवणजवळच्या एका हायस्कुलात शिकवत होतो. बी.ए.ला दोनदा नापास झालो होतो आणि तिसऱ्यांदा बसणार होतो. शाळेची सहल विजापूर-बिदरला निघाली. मुलांना वाटेत भात-आमटी रांधून घालायला कोणीतरी हवं होतं. गावजेवणाच्या पंगती सांभाळणारे माझे बाबा हौसेने तयार झाले आणि तांदूळ, टोप, नारळ घेऊन एस.टी.च्या मागच्या बाकावर बसले.

बाबा भातशेती करायचे. लिहिणं-वाचणं सहीपुरतंच. पण देवळात गाऱ्हाणं घालावं तर त्यांनीच. देवापुढे नारळ ठेवायचा, संकट खणखणीत आवाजात सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. कोणाची म्हैस चुकली, कोणाच्या मुलीचं लग्न जमेना, की लोक बाबांना न्यायला येत.

बिदरला तटाच्या आतल्या जुन्या शहरात एक मदरसा आहे. इमारतीचा पुढचा एक भाग कधीचा ढासळलेला. उरलेल्या मिनारावर निळ्या-हिरव्या फरशांचे पट्टे अजून चिकटून होते. आत मोठा चौक आणि भोवती तीन मजली खोल्या. तिथला म्हातारा राखणदार सांगत होता आणि मी मुलांना मराठीत समजावत होतो, की इथे लांबलांबच्या मुलखांतून विद्यार्थी येत, इथेच राहत, इथेच शिकत.

बाबा मागे उभे राहून ऐकत होते. म्हणाले, “म्हणजे हंय फकत शिकाचाच काम चलत होता?”

“होय.”

“कितके वर्सांमागे?”

“चार-पाचशे वर्षं झाली असतील.”

ते बाहेर गेले आणि बसमधून नारळ घेऊन आले. चौकाच्या मधोमध तो ठेवला, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि हात जोडले.

“बा देवा म्हाराजा! तू कोण, कुठलो, माका ठावक नाय. पण हंय इतकी पोरा शिकान शाणी झाली, म्हणजे ह्या थळ मोठा आसा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आमची पोरं सवयीने एका सुरात ओरडली. खोल्याखोल्यांतून आवाज घुमला.

“ह्यो माझो झील. दोनदा परीक्षेक बसलो नि दोनदा आपाटलो, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” या खेपेला आवाज दुप्पट झाला. मागून कोणीतरी खिदळलं, “गुरुजी आपाटले रे!”

माझे कान तापले. बाहेरगावची दोन कुटुंबं थांबून बघत होती. मी पुढे झालो, नारळ उचलला आणि शुद्ध मराठीत ओरडलो, “पुरे झाला हा तमाशा! हे तुमचं देऊळ नाही!”

राखणदार म्हणाला, “बोलने दो ना साब, दुवाच तो माँग रहे.”

“खेडवळ माणूस आहे, माफ करा,” मी त्याला म्हणालो. बाबांना ते ऐकू गेलं. त्यांनी जोडलेले हात हळूच सोडले.

रात्रीचा भात त्यांनी नेहमीसारखाच केला. मला वाढताना एवढंच म्हणाले, “गाऱ्हाणा अर्ध्यार तुटला काय बरा नसता रे झिला.”

परीक्षेला मी कोल्हापूरला गेलो खरा, पण तयारी झाली नव्हती. पहिल्या पेपरच्या सकाळी धीर सुटला आणि मी रंकाळ्यावर जाऊन बसलो. एकही पेपर दिला नाही. घरी येऊन सांगितलं, पेपर अवघड गेले. निकालानंतर सांगितलं, नापास.

“तुझी चूक नाय,” बाबा म्हणाले. “परक्या थळार न इचारता मी तोंड उघडलंय. तेचा ह्या फळ.”

तेव्हा खरं बोलायला हवं होतं. मी मान खाली घातली.

त्या वर्षीच्या जत्रेत बाबांनी मानकऱ्यांना सांगितलं, “माझी वाचा बरी नाय. दुसरो बघा.” त्यानंतर ते घोळक्यात उभे राहून इतरांबरोबर ‘व्हय म्हाराजा’ म्हणत. पुढच्या वर्षी मी पास झालो, तर आनंदाने म्हणाले, “बघ, मी गप रवलंय म्हणान झाला!” आपलं बोलणंच बाधतं, या त्यांच्या समजुतीला माझ्या पास होण्याने पुरावा मिळाला. मी पेढे वाटत होतो.

अशी वर्षं गेली. मग माझा धाकटा मुलगा आजारी पडला. ताप हटेना. डॉक्टरांचं औषध चालूच होतं. बायको म्हणाली, मामंजींना देवळात गाऱ्हाणं घालायला सांगा. बाबा खळ्यात बसून कोकमाची सोलं उन्हात पसरत होते. मी विचारलं, तसे ते दचकले.

“माका नको सांगू. तुझा वाटोळा केलंय, आता ह्या पोराचा करू? दुसऱ्या कोणाक तरी सांग.”

नातवावर जीव असलेला माणूस माझ्या खोटेपणामुळे त्याच्यासाठी देवाशी बोलायला भीत होता. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

“बाबा, त्या वर्षी मी परीक्षेक बसलंयच नाय. भियान पळालंय. तुमच्या गाऱ्हाण्याचो काय एक संबंध नाय होतो.”

त्यांचा हात सोलांवर थांबला. “मगे इतकी वर्सा सांगूक नाय कित्याक?”

“लाज वाटली. बिदराक तुमची वाटली, मगे माझी. चूक सगळी माझी. तुमका तोडलंय, तुमका खेडवळ म्हटलंय, खोटा बोललंय. माका माफ करा, बाबा.”

डोक्यावरची टोपी सारखी करत बाबा उठले आणि म्हणाले, “चल, नारळ घी. देवळात जावया.”