वैष्णवीच्या नावापुढची खूण

हे मी कोणाजवळ बोलले नाही. घरच्यांजवळ नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. तुम्ही माझे कोणी नाही, म्हणूनच सांगणं जमेल – जमेल ना?

मी दुसरीपर्यंत शिकलेली. पुढचं वाचन आपलं आपणच शिकले – बियाण्याच्या पाकिटांवरून, एसटीच्या पाट्यांवरून. त्याचा मला फार गर्व. म्हणून आमच्या गावच्या शाळेत पोरांचे गट पाडले आणि सरांनी मला मदतीला बोलावलं, तेव्हा मी फुगले. कोण कितवीत ते बघायचं नाही, कोणाला किती वाचता येतं ते बघायचं. गोष्ट वाचणारे सरांजवळ वर्गात, शब्द वाचणारे कडुनिंबाखाली, आणि अक्षरावरच अडलेले वऱ्हांड्यात, माझ्याजवळ. एकट्या सरांच्या अंगावर चार वर्ग, ते तरी किती – पण हे कशाला सांगते आहे मी? सरांचा यात काही दोष नाही.

वैष्णवी तेव्हा चौथीत. कानाची तिखट, एकदा ऐकलं की पाठ. अक्षरं मात्र तिच्या डोळ्यांपुढे ठरायचीच नाहीत. तिच्या एकटीजवळ रोज तासभर बसायला हवं होतं. पंधरा पोरांत कुठला तास?

कडुनिंबाखाली निशा शिकवायची, गावातलीच सून, बीए झालेली. वाचनाच्या दर तपासणीला तिची पोरं वर्गात सरकायची. एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "मावशी, तुमची पोरं वऱ्हांड्यातच म्हातारी होतीन वो!" सगळे हसले. मीही हसले. आणि ते मला असं झोंबलं, की –

माझ्या पोरांची तपासणी मीच घ्यायची, म्हणून वाचायला द्यायची कार्डं माझ्याच पिशवीत असायची. त्यातली गोष्ट मी वऱ्हांड्यात रोज मोठ्यानं वाचू लागले. चुकून नाही. समजून-उमजून. तपासणीच्या दिवशी वैष्णवीनं कार्ड हातात घेतलं आणि गोष्ट धडाधड म्हटली – बोट दुसऱ्या ओळीवर, तोंड पाचव्या. सर दारात उभे होते, त्यांना बोट दिसत नव्हतं. मला दिसत होतं. मी तिच्या नावापुढे 'गोष्ट' या रकान्यात खूण केली. टाळ्या वाजल्या. वऱ्हांड्यातून थेट वर्गात गेलेली ती पहिलीच पोर. मी निशाकडे पाहिलं. तेवढ्यासाठीच तर केलं होतं ना सगळं?

वर्गात तिच्याजवळ कोणी बसलं नाही. जिला वाचता येतं, तिच्याजवळ कोण कशाला बसेल?

पाचवीला ती शेजारच्या आंजी गावच्या शाळेत गेली. दिवाळीच्या आधी एका दुपारी माझ्या ओसरीवर आली, पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. "आजी, मले वाचता येतच नाई. तुले माहीत होतं न?"

तेव्हाही वेळ गेली नव्हती. दहा वर्षांची पोर, माझ्यासमोर, स्वतःहून आलेली. मी रिकामीच होते. बसवून घ्यायचं, बस. पण बसवलं असतं तर ती खूण खोटी ठरली असती. मी म्हटलं, "येते तुले. लक्ष देत नाई तू. आळशी झाली."

तिनं पुस्तक मिटलं. "हो आजी," म्हणाली.

आणि ते तिनं खरंच मानलं हो. आठवीनंतर शाळा सुटली. आता आईबरोबर शेतात वांगी, सांभार-कोथिंबीर पिकवते, बाजाराला जाते.

परवा दोघी आल्या. आईच्या हातात फवारणीच्या औषधाची बाटली. "मावशी, एका पंपाले किती टाकाचं, वाचा बरं. हिले येते वाचता, तुम्हीच तर पास केलं होतं. पण सांगितलं का तोंड फिरवते, नुसती मिजास!"

वैष्णवी मागे उभी होती. माझ्याकडे पाहत राहिली.

मी चष्मा लावला. औषधाचं माप वाचून दाखवलं. मग तिच्या आईला म्हटलं, "आजकालच्या पोरी अशाच असतात वो."