लागला का, लागली का

माझे अप्पा कामाशिवाय फोन करत नाहीत. ते गावी नेसरीला, मी इथं शहरात, कसबा बावड्यात, पण नुसतं 'सहज केला' म्हणून त्यांनी कधी फोन केल्याचं मला आठवत नाही. आपण केला तर हॅलोच्या जागी ते 'काम काय?' म्हणतात. लेकीची आठवण येणं हे काही काम नव्हे, असं त्यांचं ठाम मत. म्हणून मग त्यांनी एक काम शोधून काढलं होतं, लॉटरीचं.

गडहिंग्लजच्या बाजाराला गेले की एक तिकीट घ्यायचं आणि सोडतीच्या संध्याकाळी मला फोन करायचा. "लागली का बघ." मी वेबसाइट उघडायची, त्यांनी एकेक आकडा असा ओरडून सांगायचा की जणू मी पलीकडच्या गल्लीत उभी आहे. लागलेली कधीच नसायची. "न्हाय व्हय? बरं." आणि मग खरा फोन सुरू व्हायचा. म्हैस व्याली, काजूला मोहोर आलाय, तुझी आई गुडघ्याला तेल लावून घेत नाही, तू जेवलीस का. तिकिटाचा मला कंटाळा यायचा, त्यानंतरच्या गप्पांचा कधीच नाही.

मग भावानं त्यांना नवा फोन घेऊन दिला. बोलून विचारलं की बोलून उत्तर देणारा एक मदतनीस त्यात आहे. त्याचं नाव अप्पांच्या जिभेवर बसेना, तेव्हा अनोळखी माणसाला म्हणतात तसं ते त्याला 'पावणं' म्हणायला लागले. फोन करायला मात्र त्यांना जुना बटणांचाच लागतो. आईनं हसत हसत मला बातमी दिली, "आता त्या पावण्यालाच इचारत्यात, लागली का म्हणून. तुला कशाला तरास?" मीही हसले. पण पुढच्या सोडतीची संध्याकाळ आली, गेली, आणि माझा फोन गप्पच राहिला. तेव्हा त्या पावण्याचा मला असा राग आला की सांगता सोय नाही.

त्यात माझा पोटापाण्याचा धंदा असा, की मी घरी बसून सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहिते. नेमकं त्याच सुमारास माझ्याकडे काम आलं ते लॉटरीचे निकाल शोधणाऱ्या एका टूलचं. हे टूल माणसांसाठी नाही, एआय एजंटांसाठी. म्हणजे अप्पांच्या पावण्यासारख्यांनी कुणाचा तरी तिकीट नंबर घेऊन यायचं आणि टूलनं निकाल शोधून त्यांच्या हातात द्यायचा. कुठल्या प्रश्नाला टूल वापरायचं, माणसाकडून काय काय विचारून घ्यायचं, आलेलं उत्तर कसं वाचायचं, हे सगळं एजंटांना कळेल अशा भाषेत मी लिहायचं. वा रे नशीब! ज्यानं माझी जागा घेतली, त्याला कामात तरबेज मीच करायचं.

मराठी प्रश्नांपाशी गाडी अडली. चाचणीत कुणी 'लागला का?' विचारलं की एजंट तोंडभरून अभिनंदन करायचा. निकाल लागला म्हणजे जाहीर झाला, लॉटरी लागली म्हणजे बक्षीस मिळालं. नुसत्या काना-वेलांटीच्या फरकानं माणूस लखपती होतो, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? मी दोन्ही प्रश्नांची उदाहरणं लिहायला घेतली. 'लागली का बघ' असं टाइप केलं आणि ते मला अप्पांच्याच आवाजात ऐकू आलं. लॅपटॉप मिटून टाकला. फार आठवण आली त्यांची. सरळ फोन करावा की नाही? पण 'काम काय?' म्हणाले तर सांगू काय? मीही त्यांचीच लेक.

पुस्तिकेतल्या उदाहरणासाठी एक खरं तिकीट हवं होतं. स्टँडसमोरच्या टपरीवरून आणलं. सोडत झाल्यावर टूलला नंबर दिला. उत्तर आलं: निकाल जाहीर झाला आहे, या क्रमांकाला बक्षीस नाही. ते जसंच्या तसं उतरवलं आणि खाली सूचना लिहिली, की निकाल जाहीर झाला असेल तर एजंटानं तो स्पष्ट सांगावा, टाळाटाळ करू नये. मग तिकीट हातात घेऊन अप्पांना फोन लावला.

"काम काय?"

"मी लॉटरीचं तिकीट घेतलंय, अप्पा. तुमच्या पावण्याला विचारा की, लागली का."

"तू? डोकं ठिकाणावर हाय न्हवं तुझं?" पण आवाज खुलला होता. "थांब, थांब. चष्मा कुठं ठेवला तुझ्या आईनं... हां, सांग."

मी एकेक आकडा सांगितला. प्रत्येक आकडा त्यांनी आधी मला आणि मग नव्या फोनला ओरडून ऐकवला. थोड्या वेळानं पावण्याचा आवाज मला इथं बावड्यात स्वच्छ ऐकू आला, "निकाल जाहीर झाला आहे. या क्रमांकाला बक्षीस नाही."

अप्पांनी नवा फोन बाजूला ठेवला. मग घसा खाकरून म्हणाले, "निकालच लागला न्हाय गं अजून. उद्या फोन करून सांगतो की तुला."

"करा अप्पा," मी म्हणाले. "वाट बघते."